मुक्या हृदयांचे ऋण

बारावीच्या निकालाचे दिवस जवळ येऊ लागले की आपल्या समाजातील घराघरांत एक ठरावीक चर्चा सुरू होते. मुलास गणिताची गोडी असेल तर त्याने अभियंता व्हावे, जीवशास्त्राची असेल तर डॉक्टर व्हावे, आणि गुण थोडे कमी पडले तर 'मग निदान गुरांचा डॉक्टर तरी!' या वाक्यातील 'निदान' आणि 'तरी' हे दोन शब्द आम्हांस नेहमीच खटकत आले आहेत. पशुवैद्याचा व्यवसाय म्हणजे माणसांच्या वैद्यकात प्रवेश न मिळालेल्यांची धर्मशाळा, असा जो समज या दोन शब्दांत दडलेला आहे, तो केवळ अन्यायाचा नाही, अज्ञानाचाही आहे. या अज्ञानामुळे कितीतरी कुशल हात एका थोर विद्येपर्यंत पोहोचतच नाहीत. ही विद्या म्हणजे पशूंच्या हृदयाची शल्यचिकित्सा आणि त्या हृदयाविषयीचे संशोधन. आमचे म्हणणे असे की या क्षेत्राकडे आपल्या शाळेतील उत्तमांतील उत्तम विद्यार्थ्यांनी वळावे. आणि तसे म्हणण्यास आमच्यापाशी भरभक्कम कारणे आहेत.

प्रथम या विद्येची अवघड बाजू पाहू. माणसांच्या डॉक्टरास एकाच प्रकारच्या हृदयाचा अभ्यास करावा लागतो. पशुवैद्यापुढे हृदयांचे एक संमेलनच भरलेले असते. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याचे हृदय मिनिटास तीस ते चाळीस वेळा पडते, गाईचे पन्नास ते ऐंशी वेळा, मांजराचे दीडशे ते दोनशे वेळा, तर उंदराचे पाचशेहूनही अधिक वेळा. एकाला जी मात्रा औषध ठरते तीच दुसऱ्याला विष होऊ शकते. शिवाय यांपैकी एकही रोगी 'छातीत कळ येते' किंवा 'जिना चढताना दम लागतो' असे सांगत नाही. त्याची हकीकत त्याच्या चालीवरून, खोकल्यावरून, हिरड्यांच्या रंगावरून आणि स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या खरखरीवरून जुळवून घ्यावी लागते. असे काम मंदबुद्धीच्या माणसाने करावयाचे आहे, असे कोण म्हणेल?

परंतु आमच्या मते याहून मोठे कारण ऋणाचे आहे. माणसाच्या हृदयाविषयी आज आपल्याला जे ज्ञान आहे, त्यातील फार मोठा भाग मुक्या प्राण्यांनी आपल्या प्राणांचे मोल देऊन आपल्याला दिलेला आहे. रक्ताला दाब असतो, ही गोष्ट आज शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. तो दाब प्रथम मोजला इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने, आणि तो एका घोडीच्या रोहिणीत नळी बसवून. काचेच्या उभ्या नळीत तिचे रक्त ८ फूट ३ इंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या घोडीचा मात्र प्रयोगातच अंत झाला.

पुढच्या काळातील इतिहासही असाच आहे. गर्भावस्थेत उघडी असणारी आणि जन्मानंतर मिटून जाणारी एक रक्तवाहिनी काही बालकांत उघडीच राहते व हृदयावर भार टाकते. ती बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया बॉस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी २६ ऑगस्ट १९३८ रोजी एका सात वर्षांच्या मुलीवर यशस्वी केली. त्याआधी त्यांनी आपला हात कुत्र्यांवर बसवला होता. हृदय थांबवून ते उघडावयाचे, तर तेवढा वेळ रक्त फिरवील कोण? हा प्रश्न सोडविण्यासाठी जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र तयार केले. १९३५ साली त्या यंत्राच्या आधारे एक मांजर जगविता आले, आणि त्यानंतर अठरा वर्षांनी, ६ मे १९५३ रोजी, फिलाडेल्फियात एका तरुणीचे हृदय त्याच तत्त्वावरील यंत्राच्या साह्याने उघडून दुरुस्त करण्यात आले.

या इतिहासातील एक कथा आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी असे आम्हांस वाटते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, जन्मतः हृदयदोष असल्याने अंग निळे पडणाऱ्या बालकांवर २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली. ती केली आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी आणि तिची कल्पना सुचविली हेलन टॉसिग यांनी. परंतु कुत्र्यांवर शेकडो वेळा प्रयोग करून तिचे तंत्र सिद्ध केले ते व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णी साहाय्यकाने. थॉमस हे सुताराचे पुत्र. महाविद्यालयासाठी साठविलेले पैसे मंदीच्या काळात बँकेबरोबर बुडाले आणि शिक्षण राहून गेले. प्रयोगशाळेत ते शल्यविद्या करीत, पण कागदोपत्री त्यांचा दर्जा झाडूवाल्याचा होता. त्या दिवशी शस्त्रक्रिया चालू असता ब्लेलॉक यांच्या मागे एका चौरंगावर उभे राहून तेच टाका कुठे व कसा घालावयाचा ते सांगत होते. १९७६ साली त्याच संस्थेने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. आणि ज्या कुत्रीवर ही शस्त्रक्रिया होऊन ती दीर्घकाळ जगली, त्या ॲनाचे चित्रही त्या संस्थेत लावण्यात आले. थोर शल्यवैद्यांच्या चित्रांच्या मांदियाळीत एका कुत्रीला स्थान मिळाले, याचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु एका चित्राने ऋण फिटत नाही.

हे ऋण परदेशांपुरतेच आहे असेही नव्हे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासच जगला, तरी तो प्रयत्न आपल्या वैद्यकाच्या इतिहासात मानाचा ठरला. त्यामागे त्यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांवरील वर्षानुवर्षांचे काम होते. आजही ज्या माणसाच्या हृदयाची झडप निकामी झाली, त्याला पुष्कळदा गाईच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनविलेली झडप बसविली जाते. म्हणजे आपल्याच एखाद्या काकांच्या वा आजोबांच्या छातीत एखाद्या गाईचा अंश रात्रंदिवस उघडमीट करीत असेल! असे असताना, गाईच्या हृदयावर उपचार करणारा वैद्य माणसाच्या वैद्याहून हलका कसा?

या ऋणाची परतफेड सुरू झाली आहे, आणि ती कशी होत आहे हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. ज्या वाहिनीचा दोष ग्रॉस यांनी माणसात दूर केला, तोच दोष कुत्र्यांतील जन्मजात हृदयदोषांत अगदी नेहमी आढळणारा आहे. आता कुत्र्याच्या मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी आत नेऊन एका छोट्या जाळीदार बुचाने ती वाहिनी बंद करता येते. छाती उघडावीही लागत नाही. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेम्स बुकॅनन या पशुवैद्याने एका कुत्र्याला पेसमेकर बसविला. त्यानंतर कितीतरी कुत्र्यांना हे यंत्र लाभले. पुष्कळ ठिकाणी तर माणसांसाठी केलेले परंतु साठवणीची मुदत उलटलेले पेसमेकर प्राण्यांच्या उपयोगी आणले गेले.

सर्वांत आश्चर्यकारक प्रगती जपानात झाली. लहान जातीच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाच्या डाव्या बाजूची मिट्रल झडप जाड व वेडीवाकडी होते, तिला ताणून धरणारे तंतू तुटतात, आणि रक्त पुढे जाण्याऐवजी मागे फिरू लागते. कुत्र्यांना होणाऱ्या हृदयविकारांत हाच विकार सर्वांत अधिक आढळतो. मासामी उएची या जपानी पशुशल्यकाने आपल्या पथकासह अशा कुत्र्यांचे हृदय यंत्राच्या आधारे थांबवून, उघडून, तुटलेल्या तंतूंच्या जागी कृत्रिम धागे ओवून झडप दुरुस्त करण्याचे तंत्र सिद्ध केले. २००६ ते २००९ या काळात त्यांनी शस्त्रक्रिया केलेल्या ४८ कुत्र्यांची माहिती २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४५ कुत्री जिवंत घरी गेली.

यातील कौशल्य कशात आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. ही कुत्री पाच किलोहूनही कमी वजनाची होती. चार किलो वजनाच्या कुत्र्याच्या अंगात रक्त असते ते सुमारे ३५० मिलिलिटर, म्हणजे दोन पेले भरतील एवढेच. हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या भरण्यासच जे द्रव लागते, ते रोग्याच्या स्वतःच्या रक्ताशी स्पर्धा करू लागते. म्हणून नळ्या आखूड करावयाच्या, यंत्र लहान करावयाचे, दुसऱ्या निरोगी कुत्र्याचे रक्त आधी मिळवून ठेवावयाचे, आणि मोठ्या बोरापेक्षा फारसे मोठे नसलेल्या हृदयाच्या कप्प्यात शिरून टाके घालावयाचे. तेथे शल्यकाचा हात थरथरून चालत नाही, भूल देणाऱ्याची नजर ढळून चालत नाही, आणि यंत्र सांभाळणाऱ्याने क्षणभर बेसावध राहून चालत नाही. एवढा मोठा मेळ जुळावा लागत असल्याने ही उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया नियमितपणे होणारी ठिकाणे जगातही फार थोडी आहेत.

आपल्या देशातही पहिली पावले पडली आहेत. दिल्लीतील एका पशुरुग्णालयात डिसेंबर २०२० मध्ये 'खुशी' नावाच्या कॉकर स्पॅनियल कुत्रीला पेसमेकर बसविण्यात आला, आणि मे २०२४ मध्ये तेथेच 'ज्युलिएट' नावाच्या बीगल कुत्रीच्या गळक्या मिट्रल झडपेला, हृदय चालू असतानाच, एक चिमटा बसविण्यात आला. वृत्तपत्रांनी या बातम्या कौतुकाने छापल्या. बातमी वाचून कौतुक करणारे पुष्कळ असतात; ते काम शिकून पुढे नेणारे थोडे असतात. आम्हांस त्या थोड्यांची प्रतीक्षा आहे.

तथापि हृदयचिकित्सा म्हणजे केवळ सुरी आणि टाका असे कोणी समजू नये. संशोधकाची लेखणी कधी कधी शल्यकाच्या सुरीहून अधिक प्राण वाचविते. एके काळी मांजरांत हृदय फुगून निकामी होण्याचा रोग फार आढळे. १९८७ साली कॅलिफोर्नियातील पॉल पायन व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की तयार खाद्यात टॉरिन नावाचे एक द्रव्य पुरेसे नसल्याने हा रोग उद्भवतो. खाद्यांतील टॉरिन वाढविण्यात आले आणि तो रोग पाहता पाहता दुर्मीळ झाला. अलीकडचे उदाहरण २०१६ सालचे आहे. अकरा देशांतील ३६० पाळीव कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की मिट्रल झडपेचा विकार होऊन हृदय मोठे झाले असता, परंतु दम लागण्यापूर्वीच, पिमोबेंडन हे औषध सुरू केले, तर हृदय निकामी होण्याची वेळ सरासरीने सुमारे पंधरा महिने लांबते. बारा-तेरा वर्षांच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे केवढा काळ! यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की ही कुत्री आपापल्या घरी राहणारी, खरोखर आजारी असलेली होती. प्राण्यास मुद्दाम रोगी न करता, रोगी प्राण्याची शुश्रूषा करीत करीत ज्ञान मिळविण्याचा हा मार्ग आम्हांस सर्वांत स्वच्छ वाटतो.

येथे कोणी विचारील, 'ज्या देशात गरिबाला वेळेवर औषध मिळत नाही, तेथे कुत्र्याच्या हृदयावर लाखो रुपये खर्चणे ही चैन नव्हे काय?' हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अशी शस्त्रक्रिया आज श्रीमंतांच्याच आवाक्यातली आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु पशुहृदयाचे वैद्यक म्हणजे केवळ बंगल्यातील कुत्र्यांचे वैद्यक, ही समजूत चुकीची आहे. आपल्या माळव्यातील एखाद्या खेड्यात जाऊन पाहावे. गाय चारा निवडून, चावून खात नाही. जिभेने ओढून गिळून टाकते. त्या चाऱ्यात तारेचा तुकडा, खिळा किंवा सुई असेल तर तीही पोटात जाते आणि मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीदार अशा दुसऱ्या पोटात अडकते. त्या पोटाच्या आणि हृदयाच्या मध्ये असतो तो केवळ श्वासपटलाचा पडदा. पोट आकुंचन पावले की तार पुढे सरकते, पडदा भेदते, आणि हृदयाच्या आवरणात घुसते. तेथे पू साचतो, गळ्याखाली सूज उतरते, मानेच्या शिरा दोरासारख्या फुगतात, गाय कोपरे बाहेर काढून उभी राहते आणि उतारावर चालावयास नाखूष असते. एकदा तार हृदयापर्यंत पोहोचली की शस्त्रक्रियेनेही गाय वाचेलच अशी खात्री देता येत नाही. आणि शेतकऱ्याच्या घरची दुभती गाय जाते तेव्हा तिच्याबरोबर मुलांचे दूध, वह्यापुस्तकांचे पैसे आणि सावकाराचा हप्ताही जातो.

या रोगाला वेळेवर ओळखणारा, पोट उघडून तार हृदयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती काढणारा पशुवैद्य हा आमच्या मते हृदयवैद्यच होय. आणि त्याहूनही दूरदर्शी तो, जो गाईस लोहचुंबक गिळावयास देतो आणि कडबाकुट्टीच्या यंत्राजवळ चुंबक बसविण्यास शेतकऱ्याला सांगतो. जाळीदार पोटात गेलेले ते चुंबक तेथेच राहते आणि तारांचे तुकडे आपल्याशी धरून ठेवते. योकोहामा शहरातील ते सूक्ष्म टाके आणि खेड्यातील हे साधे चुंबक यांत आम्ही उच्चनीच मानीत नाही. ज्याला दोन्हीचे मोल कळते, तोच या विद्येचा खरा अधिकारी. महागडे तंत्र शिकून आलेल्या तरुणाने गोठ्याकडे पाठ फिरविली, तर वर सांगितलेला आक्षेप खरा ठरेल. तो खोटा ठरविणे आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती आहे.

दुसरा प्रश्न विवेकाचा आहे. ज्या प्राण्यांचे ऋण आपण गातो, त्यांच्यावर प्रयोग करणे योग्य आहे काय? यावर आमचे मत असे की प्रयोग आणि क्रौर्य यांतील रेषा पुसट होऊ देता कामा नये. रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन नियम सांगितले : जेथे प्राण्यावाचून भागते तेथे प्राणी घेऊ नये, घ्यावाच लागला तर संख्या कमीत कमी ठेवावी, आणि त्याला होणारे दुःख जितके कमी करता येईल तितके करावे. आपल्या देशात १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे. कायदा बाहेरून पाहतो. आतून पाहण्यासाठी संशोधकाचे मन जागे असावे लागते. म्हणूनच या क्षेत्रात बुद्धिमान माणसांइतकीच सहृदय माणसांची आवश्यकता आहे.

आता मार्गाविषयी थोडे. अकरावी-बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घ्यावे लागतात. पशुवैद्यक व पशुसंवर्धन या विषयांची पदवी एक वर्षाच्या उमेदवारीसह साडेपाच वर्षांची असते. तिच्या देशभरातील १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद 'नीट' परीक्षेच्या गुणांवर भरते. त्यापुढे शल्यचिकित्सा किंवा पशुचिकित्सा या विषयात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, आणि मग संशोधन. परदेशी हृदयतज्ज्ञ व्हावयाचे तर उमेदवारीनंतर साधारण तीन वर्षे निवासी शिक्षण घ्यावे लागते. म्हणजे शाळा सोडल्यापासून दहा-बारा वर्षे अभ्यासाची. या वाटेवरील संस्था आपल्यापासून दूर नाहीत. मुंबईच्या परळ भागातील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे, नागपूरचे १९५८ सालचे. आणि आपल्या इंदुराहून पंचवीस किलोमीटरांच्या आत असलेले महूचे महाविद्यालय १९५५ सालचे. आज इज्जतनगर येथे असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थादेखील १८८९ साली प्रथम पुण्यात सुरू झाली होती.

आम्ही कोणास भुलवू इच्छीत नाही. पदवी घेतलेल्या प्रत्येकास हृदय उघडण्याची संधी मिळणार नाही. पुष्कळांचे आयुष्य लाळ-खुरकुताच्या लसी टोचण्यात आणि अडलेल्या म्हशी सोडविण्यात जाईल, आणि तेही काम तितकेच मोलाचे आहे. हृदयाची उपकरणे महाग आहेत, शिकविणारे थोडे आहेत, आणि पहिली काही वर्षे मिळकतही बेताचीच राहील. 'मला कुत्री फार आवडतात' एवढ्या भांडवलावर ही वाट चालता येत नाही. ज्याला रक्त पाहून भोवळ येते, त्याला ती सवयीने जिंकता येईल. पण ज्याला कंटाळा जिंकता येत नाही, त्याने दुसरा मार्ग शोधावा. आणि कधी कधी, सर्व उपाय थकल्यावर, प्राण्याला शांतपणे मरण देण्याचा निर्णय मालकाबरोबर घ्यावा लागेल. ते धैर्य कोणत्याही परीक्षेत शिकविले जात नाही.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे की आपल्या मुलाने वा मुलीने पशुवैद्य होण्याची इच्छा बोलून दाखविली, तर तिच्यापुढे 'निदान' आणि 'तरी' हे शब्द जोडू नयेत. गोठ्यातील वासराला झालेली जखम धुणारी मुलगी, पारव्याचा मोडलेला पंख बांधू पाहणारा मुलगा, यांच्या हातांत काय दडलेले आहे हे आज कोणी सांगू शकत नाही. आणि विद्यार्थिमित्रांनो, जीवशास्त्राच्या पुस्तकात हृदयाची आकृती काढताना हे आठवा की त्या आकृतीतील प्रत्येक कप्पा आणि प्रत्येक झडप यांविषयीचे ज्ञान तुमच्यापर्यंत पोहोचविताना कितीतरी मुक्या जीवांची हृदये थांबली आहेत. त्यांना बोलता आले नाही, म्हणून त्यांनी मोबदला मागितला नाही. तो न मागता देणारे काही जण आपल्या शाळेतून निघावेत, अशी आमची मनापासून इच्छा आहे.